म्हाइंभट : पांडित्याकडून स्मरणाकडे

ग्रंथवाचनाने चित्तास स्वास्थ्य लाभते, असे आपण सारेच म्हणतो. मठात म्हणतो, वासनिकाच्या घरी चार माणसे जमली म्हणजे म्हणतो, आणि नव्या उपदेशी मुलामुलींना पोथीला लावतानाही म्हणतो. तथापि अनुभव नेहमीच या म्हणण्यास अनुकूल असतो असे नाही. पुष्कळ वाचलेला मनुष्य पुष्कळदा अस्वस्थ दिसतो. त्यास सूत्रे पाठ असतात, प्रकरणांचा अन्वय लावता येतो, प्रतिपक्षाचे खंडनही करता येते. परंतु अपमानाचा एक शब्द कानी पडला, की ती सारी विद्या त्याच्या कामी येत नाही. उलट जिला अक्षरओळखही नाही, जिने आयुष्यभर लीळा केवळ दुसऱ्याच्या मुखाने ऐकल्या, अशी एखादी वृद्ध बाई घरात मृत्यू झाला असताही स्थिर राहते. ग्रंथ तोच असता फळात एवढे अंतर का पडते?

या प्रश्नाचा निर्णय केवळ तर्काने होणारा नाही. ज्याने दोन्ही स्थिती स्वतः भोगल्या, अशा एखाद्या पुरुषाचे जीवन डोळ्यांपुढे ठेवले म्हणजे तो सुलभ होतो. आपल्या पंथात असा पुरुष म्हणजे म्हाइंभट होत. मराठीतील आद्य गद्यग्रंथ जो लीळाचरित्र, त्याचे कर्ते म्हणून विद्यापीठांतून त्यांचे नाव घेतले जाते. परंतु ग्रंथकार होण्यापूर्वी ते एक अशांत पंडित होते, आणि ग्रंथाने त्यांचे काय केले हे आपण क्वचितच विचारतो. म्हणून या लेखात त्यांच्या चरित्राचा त्याच एका अंगाने विचार करावयाचा आहे.

विद्या आणि विद्यामद

म्हाइंभट हे गोदावरीच्या खोऱ्यातील सराळे या गावचे. हे गाव आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात मोडते. काळ तेराव्या शतकाचा. देवगिरीस यादवांचे राज्य होते. प्रथम महादेवरायाचे व त्यानंतर रामदेवरायाचे. त्या राज्यात संस्कृत विद्येस मोठा मान होता. रामदेवरायाच्या कारकिर्दीतील प्रसिद्ध मंत्री हेमाद्री याने व्रते, दाने, श्राद्धे यांचा प्रचंड संग्रह चतुर्वर्गचिंतामणी या ग्रंथात केला, यावरून त्या काळच्या विद्वत्तेचे वळण लक्षात येते. शास्त्र जाणणारा ब्राह्मण म्हणजे समाजाचा मुकुटमणी. त्याच्याशी वाद करण्यास दुसरा शास्त्रज्ञच लागे, आणि वादात जिंकणे हेच विद्येचे फळ मानले जाई.

म्हाइंभट अशाच विद्येत वाढले. बुद्धी तीक्ष्ण, अध्ययन दांडगे, वाणी समर्थ. त्यांच्या विद्वत्तेचा लौकिक पंचक्रोशीत पसरलेला होता, आणि त्या लौकिकाचा अभिमानही त्यांच्या ठायी भरपूर होता. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अभिमान हा अज्ञानातून जसा येतो तसाच ज्ञानातूनही येतो; आणि ज्ञानातून आलेला अभिमान घालविणे अधिक कठीण, कारण त्यास आपल्या बाजूने पुरावे देता येतात. म्हाइंभटांजवळ पुरावे होते. त्यांनी शास्त्रे खरोखरच पढली होती. परंतु त्या शास्त्रांनी त्यांस वादाची शक्ती दिली, विश्रांती दिली नाही. वादास टेकलेले मन सदा प्रतिस्पर्ध्याच्या शोधात असते. जिंकले तर पुढच्या वादाची ओढ, आणि हरले तर दाह.

हा अनुभव केवळ त्यांचाच नव्हे. श्रीमद्भागवताच्या प्रथम स्कंधात स्वतः व्यासांची अशीच अवस्था वर्णिलेली आहे. वेदांचे विभाग करून आणि महाभारतासारखा ग्रंथ रचूनही त्यांचे मन खिन्न राहिले. तेव्हा नारदांनी त्यांस त्या खिन्नतेचे कारण दाखविले आणि भगवंताच्या लीळांचे वर्णन करण्यास सांगितले. धर्म, अर्थ, नीती हे सारे सांगून झाले, परंतु परमेश्वराच्या लीळा मनःपूर्वक गायिल्या गेल्या नाहीत, हे त्या उपदेशाचे मर्म होय. भागवताचा हा आरंभ आणि म्हाइंभटांचे जीवन शेजारी ठेवून पाहिले, तर दोहोंत एकच तत्त्व दिसते. व्यासांस जे नारदांकडून कळले, ते म्हाइंभटांस डोमेग्रामी कळू लागले.

डोमेग्रामची भेट

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींचा मुक्काम गोदातीरी डोमेग्राम येथे होता. स्वामी मूळचे गुर्जर देशीचे, तरी महाराष्ट्रात येऊन त्यांनी महाराष्ट्राच्याच भाषेत निरूपण केले. त्यांच्याजवळ स्त्रिया येत, शूद्र येत, वृद्ध येत, आणि शास्त्राचा गंध नसलेली माणसेही मोठमोठे प्रश्न विचारीत. हा लौकिक म्हाइंभटांच्या कानी गेला. ज्या ज्ञानासाठी आपण वर्षानुवर्षे संस्कृताची आराधना केली, ते ज्ञान एक पुरुष नदीकाठी बसून बायाबापड्यांस मराठीत सांगतो, ही गोष्ट त्यांच्यासारख्या पंडितास सहज पटण्याजोगी नव्हती. वाद करण्याच्या बुद्धीने ते स्वामींपाशी आले.

तेथे शास्त्रचर्चा झाली आणि म्हाइंभट निरुत्तर झाले. परंतु वादात हरणे एवढाच या भेटीचा अर्थ घेतला, तर तिचे मर्म हाती लागणार नाही. पंडित पंडिताकडून हरतो तेव्हा तो घरी जाऊन अधिक अभ्यास करतो आणि पुन्हा येतो. म्हाइंभट वादासाठी पुन्हा आले नाहीत. आपल्या विद्येत कोठे काही उणे आहे असे नव्हे, तर आपली विद्याच आपणास जेथे जावयाचे तेथे नेत नाही, हे त्यांस उमगले. ईश्वराविषयी बोलणे निराळे आणि ईश्वरास शरण जाणे निराळे, हा भेद त्यांच्यापुढे उभा राहिला. स्वामींनी त्यांचे पांडित्य हिरावून घेतले नाही. ते कशासाठी वापरावे याची जिज्ञासा मात्र जागी केली.

जागी झालेली जिज्ञासा लगेच फळास येते असे नाही. बी पेरले म्हणजे त्याच दिवशी कणीस दिसत नाही. म्हाइंभटांच्या हातून जे कार्य घडावयाचे होते, त्यास आणखी अवधी होता, आणि त्यासाठी एका मोठ्या दुःखाची आवश्यकता होती.

असन्निधानाचे दुःख

तेराव्या शतकाच्या आठव्या दशकात स्वामी उत्तरापंथे निघून गेले. भक्तजनांवर जणू आकाश कोसळले. ज्यांच्या दर्शनाने दिवस उगवे आणि ज्यांच्या निरूपणाने मावळे, ते आता दृष्टीस पडणार नव्हते. आचार्य श्रीनागदेव, ज्यांस आपण भटोबास म्हणतो, त्यांची वियोगाने झालेली अवस्था स्मृतिस्थळाच्या वाचकांस परिचित आहे. पुढे स्वामींच्या आज्ञेप्रमाणे भक्तपरिवार ऋद्धिपुरास, श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी गेला. म्हाइंभटही तेथे आले व त्या सेवेत राहिले.

ऋद्धिपूर म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर. आपल्या नेर-परसोपंतच्या परिसरातील वासनिक अमरावतीवरून पुढे दर्शनास जातात तेच स्थान. तेथे श्रीप्रभूंचा क्रीडाविहार वर्षानुवर्षे चालला होता. ते लहान मुलांत खेळत, कोणाच्याही घरात जात, कोणाच्याही हातचे खात. लोकांस ते वेड्यासारखे वाटे आणि तरीही सारे गाव त्यांस आपले मानी. गावातील दुःखिताचा आधार तेच होते. शास्त्राच्या चौकटीत न बसणारे हे वर्तन एका शास्त्रज्ञाने जवळून पाहिले. जे तर्काने सिद्ध होत नाही ते डोळ्यांनी पाहून जपून ठेवावे लागते, हा धडा म्हाइंभटांस येथे मिळाला असला पाहिजे. कारण पुढे ऋद्धिपूरलीळा, म्हणजेच श्रीगोविंदप्रभुचरित्र लिहिताना त्यांनी या वर्तनाचा खुलासा करीत बसण्याचा मोह धरला नाही. जसे घडले तसे लिहिले.

त्याच शतकाच्या नवव्या दशकात श्रीप्रभूही निजधामास गेले. भक्तांस हे दुसरे असन्निधान. आता जावयाचे कोणाकडे? पहिल्या वियोगात ऋद्धिपूर हा आधार होता. दुसऱ्या वियोगात ऋद्धिपूरही ओस वाटू लागले. आपल्या पंथात सन्निधान आणि असन्निधान हे दोन शब्द आपण नित्य उच्चारतो. परंतु ज्यांनी सन्निधान प्रत्यक्ष भोगले आणि मग गमावले, त्यांच्या मुखी त्या शब्दांचे वजन निराळेच असले पाहिजे.

लीळांची वेचणी

या शोकाच्या दिवसांत भटोबास विजनात बसत. ऋद्धिपुरीच्या वाजेश्वरीच्या परिसरात ते एकटेच असत आणि काही तरी मनन करीत. म्हाइंभटांनी त्यांस पाहिले. हे कशाचे चिंतन, म्हणून त्यांनी विनयाने विचारले. भटोबास कोणत्याही शास्त्राचे चिंतन करीत नव्हते. स्वामी कोठे बसले, काय बोलले, कोणाकडे कसे पाहिले, कोणाच्या प्रश्नावर हसले, ते सारे ते क्रमाने आठवीत होते. वियोगात त्यांचे जीवन त्या आठवणीवर चालले होते.

म्हाइंभटांच्या जीवनातील हा खरा वळणाचा क्षण होय. डोमेग्रामी त्यांस उणीव कळली होती. वाजेश्वरीस उपाय कळला. जे भटोबासांच्या अंतःकरणात आहे ते त्यांच्याबरोबर जाईल, आणि मागून येणाऱ्यांस काही उरणार नाही, ही चिंता त्यांच्या मनात उभी राहिली. या लीळा एकत्र कराव्यात, अशी त्यांनी विनंती केली. भटोबासांनी ती मान्य केली, आठवणी सांगितल्या, आणि इतर भक्तांच्या आठवणी मिळविण्याच्या कामी मार्गदर्शन केले. त्यानंतर म्हाइंभटांनी ज्यांस ज्यांस स्वामींचे सन्निधान लाभले होते, त्यांच्याकडे जाऊन लीळा विचारल्या. महदाइसांसारख्या जिज्ञासू भक्त होत्या, ज्यांनी स्वामींस पावलोपावली प्रश्न केले होते. इतरही अनेक होते, ज्यांच्याजवळ कदाचित एखादीच आठवण होती. म्हाइंभटांनी मोठ्या साठ्याकडे पाहिले आणि एका दाण्याकडेही पाहिले.

येथे एक दृष्टांत घेऊ. आपल्या भागात कापूस फुटला म्हणजे बाया वेचणीस जातात. वेचणारी बाई झाड उपटीत नाही, बोंड ओरबाडीत नाही. फुटलेल्या बोंडातील कापूस बोटांनी अलगद काढते, त्यास चिकटलेले वाळके पान बाजूस करते, किडका कापूस वेगळा ठेवते, आणि ओटीत टाकते. दिवसभर वाकून जे जमते, ते संध्याकाळी मालकाच्या ढिगात पडते. त्यात तिचे नाव कोठे दिसत नाही.

याचे दार्ष्टांतिक असे. भक्तांचे अंतःकरण हे फुटलेले बोंड. त्यातील लीळा हा कापूस. सांगणाऱ्याच्या बोलण्यास चिकटलेली कल्पना, विस्मृती, अतिशयोक्ती हा कचरा. म्हाइंभटांनी लीळा वेचली. सांगणारा दुखावला जाईल अशा रीतीने त्यास ओरबाडले नाही, आणि कचरा कापसात मिसळूही दिला नाही. गाव कोणते, स्थळ कोणते, सोबत कोण, वेळ कोणती, हे ते विचारीत गेले. लीळाचरित्रात एवढी गावे, एवढी देवळे, मठ, नदीकाठ आणि माणसांची नावे आढळतात, ती या विचारपुशीचे फळ होय. पुढे जो ढीग झाला, तो एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध अशा तीन भागांत मांडला गेला. एकांकात स्वामी एकाकी संचार करीत होते त्या काळाच्या लीळा आहेत. त्या कोणा भक्ताने पाहिलेल्या नाहीत. स्वामींनी प्रसंगाप्रसंगाने भक्तांस सांगितल्या, म्हणून त्या उरल्या. ऐकणाऱ्याने जपल्या नसत्या तर आज त्यांचा मागमूसही नसता.

आता पंडिताच्या दृष्टीने या कामाकडे पाहावे. ज्याने आजवर दुसऱ्यास बोलते बंद केले, तो आता दारोदार फिरून दुसऱ्यास बोलते करीत होता. ज्यास उत्तर देण्याची सवय, तो ऐकण्यास बसला. तेही विद्वानांपाशी नव्हे, तर ज्यांच्याकडे पूर्वी तो ढुंकूनही पाहता ना, अशा साध्या माणसांपाशी. हा निव्वळ ग्रंथसंग्रह नव्हता. ही त्यांची साधना होती. आणि मनाच्या ज्या स्वास्थ्याचा आपण शोध घेत आहो, त्याचे मूळ येथेच सापडते. मन अशांत होते ते स्वतःभोवती फिरत राहिल्याने. दुसऱ्याची थोरवी शब्दशः जपण्याच्या कामात गुंतलेल्या मनास स्वतःभोवती फिरण्यास अवसर राहत नाही.

स्वतःचा दोष न झाकणारा ग्रंथकार

लीळाचरित्रात म्हाइंभट हे एक पात्र म्हणूनही येतात. वादाच्या बुद्धीने आलेला, विद्येने फुललेला पंडित या रूपाने त्यांचे दर्शन होते. लेखणी त्यांच्याच हाती होती. त्यांनी तो प्रसंग सौम्य केला असता, किंवा गाळला असता, तरी त्यांस विचारणारा कोण होता? परंतु त्यांनी तसे केले नाही. इतर भक्तांचे हट्ट, रुसवे, चुका, भीती हेही त्यांनी जसेच्या तसे ठेवले. आचार्य भटोबासांसारख्या श्रेष्ठांसही स्वामींनी वेळोवेळी कसे वळण लाविले, ते या ग्रंथात वाचावयास मिळते.

अभ्यासक यास चरित्रलेखनातील प्रामाणिकपणा म्हणतात, आणि ते योग्यच आहे. पण साधकाच्या दृष्टीने यात आणखी एक अर्थ आहे. ज्याचा अभिमान शिल्लक आहे, त्याला आपला पराभव लिहिता येत नाही. लिहिलाच तर तो सजवून लिहितो. म्हाइंभटांनी तो साध्या, आखूड वाक्यांत, जणू तिऱ्हाइताचा प्रसंग असावा तसा ठेवला. त्यांचा विद्यामद खरोखर गेला होता, याचा यापेक्षा बळकट पुरावा कोणता हवा? शांत झालेला मनुष्य आपल्या जुन्या रूपाकडे न लाजता पाहू शकतो.

भाषेविषयीही हेच म्हणता येईल. म्हाइंभटांस संस्कृतात लिहिणे कठीण नव्हते. त्या काळी मान्यता हवी असेल तर तोच मार्ग होता. परंतु स्वामी मराठीत बोलले, म्हणून ग्रंथ मराठीत झाला. वृद्ध बाया समजण्यापासून वंचित राहतील, ही चिंता भटोबासांनी संस्कृताकडे वळणाऱ्या पंडित भक्तांपुढे पुढे बोलून दाखविली, हे प्रसिद्धच आहे. म्हाइंभटांनी आपले पांडित्य त्या म्हाताऱ्यांच्या चरणी ठेवले. त्याच ग्रंथाच्या आधाराने केसोबासांनी पुढे सूत्रपाठ सिद्ध केला आणि दृष्टांतपाठात ११४ दृष्टांत एकत्र केले. आज आपले सर्व शास्त्र ज्यावर उभे आहे, तो पाया हा.

पोथी हरवली, स्मरण उरले

ग्रंथ पूर्ण झाला म्हणजे तो सुरक्षित झाला असे नाही. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली, १३०७ साली मलिक काफूर आला, आणि १३१८ साली यादवांचे राज्य संपले. या धामधुमीच्या काळात लीळाचरित्राची मूळ पोथी नष्ट झाली. केवढा आघात! परंतु हिराइसांसारख्या ज्या साधकांस लीळा मुखोद्गत होत्या, त्यांच्या स्मरणातून पाठ पुन्हा उभे राहिले. निरनिराळ्या परंपरांत निरनिराळे पाठ का, असे नव्या अभ्यासकास वाटते. त्याचे उत्तर या आपत्तीत आहे.

या घटनेचा अर्थ खोल आहे. म्हाइंभटांनी स्मरणापासून ग्रंथ केला, आणि ग्रंथ गेला तेव्हा स्मरणानेच तो परत दिला. ज्यांनी लीळा केवळ पेटीत जपल्या त्यांच्याजवळ काही उरले नाही. ज्यांनी त्या अंतःकरणात जपल्या, त्यांनी पंथ तारला. बौद्ध परंपरेतही तथागतांच्या पश्चात आनंदाने आपल्या स्मरणातून उपदेश सांगितला, असे मानले जाते. सद्गुरूच्या वियोगात स्मरण हेच धन, हे सत्य एकट्या आपल्या पंथाचे नाही.

त्यानंतरची शतके गुप्ततेची होती. चौदाव्या शतकापासून सकळ लिपी आदी सांकेतिक लिप्यांत पोथ्या लिहिल्या जाऊ लागल्या. बाहेरच्या विद्वानांस त्यांचा उलगडा विसाव्या शतकाच्या आरंभी होऊ लागला. या कामी आपल्या यवतमाळचाही वाटा आहे. तेथील डॉ. यशवंत खुशाल देशपांडे यांनी महानुभावीय वाङ्मयाचा परिचय ग्रंथरूपाने महाराष्ट्रास करून दिला आणि शारदाश्रमाच्या द्वारे हस्तलिखितांची जोपासना केली. नागपूरचे हरि नारायण नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्र भागाभागाने छापले, आणि डॉ. वि. भि. कोलते यांची संपादित आवृत्ती १९७८ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळातर्फे प्रसिद्ध झाली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्यासाठी रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने जे प्राचीन ग्रंथांचे प्रमाण मांडले, त्यात लीळाचरित्राचाही समावेश होता. मराठी भाषा विद्यापीठही रिद्धपुरासच झाले.

या साऱ्याचा आनंद प्रत्येक महानुभावास होणे स्वाभाविक आहे. तथापि आनंदाच्या पोटात एक धोकाही आहे, तो स्पष्ट बोलून दाखविणे कर्तव्य आहे. आमचा ग्रंथ आद्य, आमचा ग्रंथ अभिजात, असे म्हणत आपण फिरू लागलो आणि लीळेचे स्मरण मात्र सुटले, तर आपण म्हाइंभटांच्या मागे जाण्याऐवजी सराळ्याच्या त्या पूर्वीच्या पंडिताच्या मागे जात आहो, असे होईल. त्यास शास्त्रांचा अभिमान होता. आपणास लीळाचरित्राचा होईल. मद तो मदच. ग्रंथ बदलला म्हणून त्याचे फळ बदलत नाही.

साधकाने काय घ्यावे

मग वाचावे कसे? म्हाइंभटांच्या जीवनावरून तीन गोष्टी घेता येतात.

पहिली, वियोगाची जाणीव ठेवून वाचावे. आपणास स्वामींचे सन्निधान नाही. हे दुःख ज्यास वाटतच नाही, त्याच्यासाठी लीळा ही केवळ जुनी हकीकत होय. ज्यास ते वाटते, त्यास एकेका लीळेत दर्शनाचा लाभ आहे.

दुसरी, थोडे वाचावे आणि लीळेत थांबावे. सशाची लीळाच पाहा. पारध्यांनी आणि कुत्र्यांनी पाठ पुरविलेला ससा धावत येऊन स्वामींच्या मांडीखाली शिरतो. पारधी येतात आणि तो आपला म्हणून मागतात. स्वामी शरण आलेल्यास देत नाहीत. त्या पारध्यांसही ते रागे भरत नाहीत, त्यांच्याशी बोलतात, आणि पारध्यांचेच मन पालटते. मग सशास आदराने निरोप देऊन ते मोकळे सोडतात. एवढीशी लीळा. घाईने वाचणारा अहिंसेचा बोध घेऊन पुढे जातो. जो थांबतो, त्यास त्या सशाच्या उरातील धडधड जाणवते, ती हळूहळू कशी शमली असेल हे जाणवते, आणि आपल्याही मनाच्या मागे कोणते पारधी लागले आहेत, आपण कोणाच्या आश्रयास जातो, हा प्रश्न उभा राहतो. नाम, लीळा, चेष्टा आणि मूर्ती हे स्मरणाचे जे विषय आपल्याकडे सांगितले आहेत, ते चारही या एका प्रसंगात सापडतात.

तिसरी, वाचलेले दुसऱ्यासाठी जपावे. नेर तालुक्यातील एखादा वासनिक दिवसभर तुरी-पऱ्हाटीत राबतो आणि रात्री घरच्यांस एक लीळा वाचून दाखवितो. यंदा पीक गेले असेल, सावकाराचा किंवा बँकेचा तगादा असेल. लीळा वाचल्याने कर्ज फिटत नाही, हे त्यास आणि आपणास पक्के ठाऊक आहे. त्यासाठी जे उपाय करावयाचे ते केलेच पाहिजेत. परंतु त्या घटकाभरात घरातील माणसे एकत्र बसतात, एकाचे दुःख दुसऱ्याच्या कानी पडते, आणि आपले जीवन म्हणजे हे एक वर्ष किंवा हे एक पीक एवढेच नव्हे, ही जाणीव परत येते. जीवितास काही अर्थ आहे असे वाटू लागणे म्हणजे दुसरे काय? त्या ओसरीवर म्हाइंभटांचेच कार्य चालू असते. एकाने ऐकले, जपले, आणि पुढच्यास दिले.

म्हाइंभटांच्या आयुष्याच्या पूर्वार्धात आणि उत्तरार्धात बुद्धी तीच होती, चिकाटी तीच होती, भाषेवरील प्रभुत्वही तेच होते. पूर्वी या साऱ्याचा स्वामी मी होता. नंतर या साऱ्याचा स्वामी दुसरा झाला. वाचनाने शांती लाभते की नाही, याचा निर्णय या एका ठिकाणी होतो. ग्रंथ वाचून मी वाढलो तर दाह वाढतो. ग्रंथ वाचून तो आठवला तर दाह शमतो. ज्या बाईचा उल्लेख आरंभी केला, तिच्या स्थैर्याचे कारण हेच, आणि त्या पुष्कळ वाचलेल्याच्या अस्वास्थ्याचेही कारण हेच.

ज्यांनी दारोदार वेचून आणलेल्या लीळांच्या आधारावर आपले असन्निधानाचे दिवस चालले आहेत, त्या म्हाइंभटांस आणि ज्यांनी त्यांस त्या दिल्या त्या सर्व ज्ञात-अज्ञात भक्तजनांस

दंडवत प्रणाम.